खालचा पत्ता

"बाई, श्वास सोडा. लिफ्ट दोरावर चालते, तुमच्या श्वासावर नाही."

हा आवाज ताईनं ऐकला तेव्हा ती जेमतेम विशीत होती. नोकरीच्या मुलाखतीसाठी शहरात आलेली आणि जन्मात पहिल्यांदा लिफ्टमध्ये उभी राहिलेली. दार सरकलं, पायाखालची जमीन हलली, आणि तिनं श्वास असा घट्ट धरला, जणू तो सुटला तर सगळा डोलारा खाली येईल. कोपऱ्यातल्या स्टुलावर म्हातारा लिफ्टमन बसला होता. त्यानं मान वर केली नाही की हसला नाही. गाईला थोपटावं तशा आवाजात तेवढंच बोलला. चौथा मजला आला तेव्हा तिचा श्वास सुटला होता आणि भीतीही.

तो म्हातारा गेला, त्याचं स्टूल गेलं. ती इमारतही पाडली आणि तिच्या जागी तिच्या तिप्पट उंचीची उभी राहिली. आवाज मात्र मागे राहिला. तो ताईच्या गळ्यात येऊन बसला, आणि त्या आवाजावरच इतकी वर्षं तिचं घर चालत होतं.

आता लिफ्टमध्ये माणूस नसतो, लाल बटण असतं. शहरातल्या कुठल्याशा टोलेजंग इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते, आतलं माणूस घाबरून बटण दाबतं, आणि ताईच्या कानातल्या हेडफोनमध्ये घंटा वाजते. पडद्यावर इमारतीचं नाव येतं. ताई एका हातानं मेकॅनिकला निरोप धाडते आणि बोलून बोलून आतल्या माणसाला सावरून धरते. "घाबरू नका, मी इथेच आहे. आत कोण कोण आहे? दाराला हात लावू नका. मेकॅनिक निघालाय, तोवर आपण बोलू या."

मी इथेच आहे. दिवसातून कितीदा तरी ती हे म्हणे, आणि दर वेळी ते खोटं असे.

ताई तिथे नव्हतीच. डोंगर चढून गेल्यावर लागणाऱ्या एका लहानशा गावात, सासरच्या घराच्या माळ्यावर ती बसलेली असे. त्या गावात एकही लिफ्ट नव्हती. सगळ्यात उंच काय, तर पाण्याची टाकी, आणि तिला लोखंडी शिडी होती.

या गावाचं बोलणंच वर-खाली असं होतं. शहर म्हणजे 'खाली', आणि आपण 'वर'. पोरगं नोकरीला लागलं की ते खाली गेलं; सुट्टीत आलं की वर आलं. परका माणूस गोंधळून जाई. अमक्याचा मुलगा कालच वर गेला म्हटलं, की तो हळहळायला लागे, आणि मग त्याला समजवावं लागे, की अहो गेला नाही, आलाय. मागच्या अंगणात झोपलाय.

चार वर्षांपूर्वी कंपनीनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं. त्याच सुमारास सासरे वारले आणि सासूबाई एकट्या पडल्या. ताईनं शहरातली भाड्याची खोली सोडली, नवऱ्यासह वर आली. कागदावर पत्ता राहिला तो खालचाच, मैत्रिणीच्या घराचा. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न, असं तेव्हा वाटलं होतं. पण मग कंपनीनं लहान गावांतूनही माणसं घ्यायला सुरुवात केली आणि दोन दर बांधले. शहरात राहणाऱ्यांना एक दर आणि बाहेर राहणाऱ्यांना त्याच्या निम्म्याहून कमी. काम एकच, घंटा एकच, बटण एकच. त्या दिवशी ताईचं तोंड मिटलं ते मिटलंच. लेक खाली वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती, आणि तिचं शिक्षण खालच्या, म्हणजे शहरातल्याच दरानं पुरं होणार होतं.

तोंड मिटलं म्हणजे घराचंही मिटलं. माळ्याच्या भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या, म्हणजे अंगणातला आवाज आत यायला नको. नवरा बॅटऱ्या दुरुस्त करी. त्यानं घरची वीज गेली तरी ताईची घंटा बंद पडू नये अशी सोय केली. ताईच्या कामाच्या पाळीत कुणी कुणाला हाक मारायची नाही, खुणेनं बोलायचं, असा नियमच झाला. सासूबाईंना तो फार जाचे. त्यांना शब्दाला शब्द जोडून बोलायची जन्माची खोड. पंगतीत, पाणवठ्यावर, कुठंही यमक जुळवून त्या समोरच्याला गार करत. आता चुलीपुढं बसून त्या कुजबुजत:

"वर माझा श्वास गं, खाली माझा घास,
मधल्या त्या तारेवर सूनबाईचा वास."

"आत्याबाई, हळू," ताई माळ्यावरून हातानं खुणावी.

"याहून हळू बोलले तर मला माझंच ऐकू यायचं नाही."

एकदा मीटिंग चालू असताना खिडकीशी एक पक्षी येऊन असा गायला लागला की काही विचारू नका. कुणीतरी विचारलं, "ताई, तुमच्याकडे पक्षी?" ताई म्हणाली, "शेजाऱ्यांचा पोपट आहे." झालं. त्या पोपटाला पुढं जगवणं आलं. लोक त्याची चौकशी करत. तो आजारी पडला, बरा झाला, पोपटीण आणली. सगळे ज्याला कंडक्टर म्हणत, तो तर प्रत्येक वेळी विचारी, "ताई, पोपट काय म्हणतो?" आणि मग स्वतःच हसे. "जपा हं. नाहीतर एक दिवस तुमचाच पोपट व्हायचा."

कंडक्टर हा ताईच्या हाताखाली शिकलेला. आधी खराखुरा बस कंडक्टर होता. गाड्या कमी झाल्या, त्याला घरी बसवलं, तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर या कामाला लागला. दुसऱ्याच कुठल्याशा लहान गावात राही, म्हणजे दर कमी. सुरुवातीला बटण दाबणाऱ्याला तो खणखणीत आवाजात सांगे, "चला, आत सरका, दारात थांबू नका!" अडकलेली माणसं भीती विसरून हसायला लागत. ताईनं त्याचा आवाज उतरवला, पण हसू ठेवलं. तो तिला गुरू मानी.

गेल्या महिन्यात तोच तिला म्हणाला होता, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमचा आकडा किती?"

"कसला आकडा?"

"पगाराचा. साहेबांकडे वाढ मागितली तर म्हणतात, तुमच्याकडे स्वस्ताई आहे. आता मला सांगा, मीठ, तेल, साबण, सगळं ट्रकनं आमच्याकडे येतं. ट्रकवाला काय मामा लागतो माझा? भाडं तेवढं कमी. बाकी सगळं चढूनच येतं."

"पगार विचारू नये, भाऊ," ताई म्हणाली. बोलताना तिच्याच जिभेला ते वाक्य कडू लागलं.

"नाही विचारत." तो म्हणाला. "पण आमच्या गाडीत कसं होतं, सांगतो. वर जायचं असो की खाली यायचं, टप्पा तोच तर तिकीट तेच. माणूस कुठल्या गावचा, हे तिकिटावर नसायचं. तेवढंच डोक्यात बसलंय बघा, निघतच नाही."

आता ते ताईच्याही डोक्यातून निघेना.

मग एका सोमवारी दुपारी घंटा वाजली. एक बाई. रडत नव्हती, पण ताईनं ऐकलं, पलीकडे श्वासच नव्हता.

"बाई, आधी श्वास सोडा. मी इथेच आहे."

बऱ्याच वेळानं एक लांब हुंकार आला. "लाइट गेलाय आतला."

"गेला तर जाऊ दे. हवा यायला जागा असते, काळजी करू नका. एकट्याच आहात?"

"मी अन् कपड्यांचं गाठोडं. इस्त्रीचे कपडे आहेत लोकांचे. सातव्यावर द्यायचेत. खाली ठेवले तर मळतील, म्हणून डोक्यावर घेऊन उभी आहे."

"किती वेळ उभ्या राहाल? गाठोड्याची गाठ वर करून टेकवा पायाशी. आणि तुम्ही टेका भिंतीला. हां, अस्सं. मेकॅनिक निघालाय. घर कुठं तुमचं?"

"नदीपलीकडं, खोल्यांमध्ये."

"बरीच वर्षं झाली? कधी आलात खाली?"

"खाली कुठं आले, बाई? मधेच अडकलेय ना," पलीकडची वैतागून म्हणाली. आणि मग गप्प झाली. गप्पच. ताईला वाटलं, लाइन तुटली. तेवढ्यात ती अगदी वेगळ्या, सैल आवाजात म्हणाली, "तुम्ही वरच्या का हो?"

ताईला आपलाच मघाचा प्रश्न आठवला. शहरातलं कुणी असं विचारत नाही. शहरातलं माणूस म्हणतं, शहरात कधी आलात. खाली कधी आलात हे फक्त वरचीच माणसं एकमेकांना विचारतात. स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही. एका शब्दानं तिचा पत्ता फोडला होता.

"माहेर की सासर?" त्या बाईनं विचारलं. अंधारात उभं राहून ती आता चक्क गप्पा मारत होती.

"दोन्ही."

"मग तर घरच्याच झालात. अन् आत्ता कुठं बसलाय?"

"मी इथेच आहे," ताई सवयीनं म्हणाली.

पलीकडची हसली. "आपल्या वरच्या बायका साऱ्या अशाच. घर वर, लेकरं वर, अन् विचारलं की म्हणायचं, इथेच आहे." मग दार उघडल्याचा आवाज आला, मेकॅनिकचा आवाज आला, आणि घाईघाईत, "येते हं," असं म्हणून ती गेली. आभार मानायचेही विसरली. जवळच्या माणसाचे आभार कोण मानतं?

अर्ध्या तासानं साहेबांचा फोन आला. साहेब ताईहून बरेच लहान, शहरातच वाढलेले, वागायला सरळ. कॉल ऐकून तपासायचे हे त्यांचं काम.

"ताई, आत्ताचा कॉल ऐकला. मस्त हाताळलात. नव्या लोकांना ऐकवणार आहे."

"बरं, सर."

"म्हणजे, ऐकवला असता." त्यांनी घसा खाकरला. "ताई, तुम्ही शहरात नाही ना?"

खालून सासूबाईंच्या पावलांचा आवाज येत होता. म्हातारी नियमानं चवड्यांवर चालत होती, आपल्याच घरात.

"हे बघा, मी काही ऐकलं नाही. तुमच्यासारखं माणूस मला घालवायचं नाही. पण वरून हुकूम आलाय."

क्षणभर ताईला कळेना, कुठल्या वरून. मग तिच्या ध्यानात आलं, की हे वर वेगळं. तिथं दर ठरतात.

"शुक्रवारी सगळ्यांचे पत्ते नव्यानं नोंदवायचे आहेत," साहेब सांगत होते. "बाहेरच्यांना बाहेरचा दर. तुमचं मी सांभाळून घेतो. तुम्ही खालचा, म्हणजे शहरातलाच पत्ता द्या, मी शिक्का मारतो. फक्त एक करा. कंडक्टर मीटिंगमध्ये पुन्हा तोच विषय काढणार. आठ-दहाजण त्याच्या मागे आहेत. तुम्ही दोन शब्द बोला. बाहेरगावी खर्च कमी असतो, दर रास्त आहे, एवढंच. तुमचं ऐकतात सगळे."

"दोनच शब्द?"

"दोनच. विषय मिटेल."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ताईनं घरात सगळं सांगितलं. नवऱ्यानं हातातली वायर खाली ठेवली.

"मग बोल की. शब्दाला काय भाडं पडतं? एक वर्ष राहिलंय पोरीचं. एकदा ती हाताशी आली, की म्हण काय म्हणायचं ते."

"एक वर्षानं दुसरं काहीतरी निघेल."

"निघेल तेव्हा बघू. अगं, तू खोटं बोलून कुणाचं काही घेतलंयस का? काम करतेस, पैसे घेतेस."

"मी नाही घेतलं कुणाचं. पण आता घ्यायला सांगतायत," ताई म्हणाली. "मी रास्त आहे म्हटलं, की त्या माणसाचं तोंड कायमचं बंद. तो माझ्यापुढं कधीच बोलायचा नाही. गुरू म्हणतो मला."

"आणि दर कमी केला तर? घर कसं चालवायचं, ते सांग."

"तू बॅटऱ्या जास्त घे. मी सकाळची पाळीही मागते. पोरीला मी उद्या फोन करते. तिथंच दवाखान्यात रात्रीचं काम मिळतं म्हणत होती, मीच नको म्हटलं होतं." ती एकेक बोट मिटत बोलत होती. बोलता बोलता तिचं तिलाच कळलं, की आपलं ठरून गेलंय, आता फक्त कसं ते बघायचं. "ओढाताण होईल. होऊ दे."

नवऱ्यानं वायर पुन्हा उचलली, तिचं टोक सोललं. मग म्हणाला, "सकाळची पाळी घेतलीस तर स्वयंपाकाचं मी बघतो. मीठ तेवढं तू बघत जा."

सासूबाई अंधारात भिंतीला टेकून ऐकत होत्या. या खेपेला त्यांनी यमक जुळवलं नाही. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझे सासरे आयुष्यभर खाली हमाली करत होते. खालचा हमाल एक रुपया घेई, वरचा निम्मा. मी एकदा विचारलं, असं का हो? तर म्हणाले, आपण विचारत नाही म्हणून." आणि त्या उठून झोपायला गेल्या. जाताना टाचा टेकवून गेल्या.

शुक्रवारी मीटिंगला पडदा माणसांच्या चौकटींनी भरून गेला. एरवी ताई आपली चौकट बंद ठेवी. चेहऱ्यामागची भिंत दिसू नये म्हणून. आज तिनं कॅमेरा चालू केला. केस बांधले होते, पदर नीट होता. मागे गाद्या टांगलेल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या.

साहेबांनी पत्त्यांचं सांगितलं, दरांचं सांगितलं. कंडक्टरनं हात वर केला.

"साहेब, माझं एवढंच म्हणणं आहे. शहरातल्यांना किती देता ते सांगा. मग आम्ही काय ते बोलू."

"ते गोपनीय असतं, तुम्हाला माहीत आहे."

"मग रास्त आहे की नाही, हे आम्हाला कळायचं कसं? डोळे मिटून?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी खोकलं. शहरातला दर घेणाऱ्यांच्या चौकटी अगदी शांत होत्या. आपल्या ताटातलं कुणी बघू नये म्हणून जेवणारं माणूस जरा वळून बसतं, तसं सगळे बसले होते. आणि वरच्या गावांतली माणसं कंडक्टरच्या आडून बघत होती, त्याचा पाय घसरला तर आपण नव्हतोच म्हणायला मोकळी.

साहेब म्हणाले, "आपण असं करू. ताई सगळ्यांत जुन्या. शहर त्यांनी पाहिलंय, गावही त्यांना माहीत आहे. त्यांनाच विचारू. ताई, तुमचं काय मत? दोन शब्द सांगा."

कंडक्टरनं हात खाली घेतला. त्याच्या चेहऱ्यावर आशा नव्हती, रागही नव्हता. ताई सांगेल ते आपण मान्य करू, एवढंच होतं, आणि तेच ताईला सोसवेना.

तिनं हेडफोन कानांवर नीट बसवला. छाती धडधडत होती, पण आवाज तिच्या ताब्यात होता. दुसऱ्यांच्या धडधडीवर हात ठेवायची इतक्या वर्षांची सवय होती तिला.

"दोन शब्दांत नाही व्हायचं, सर," ती म्हणाली. "जरा जास्त लागतील. मी शहरात राहत नाही. चार वर्षं झाली, मी वर राहते, डोंगरावर, माझ्या सासरी. कागदावर पत्ता मैत्रिणीचा आहे. तिला यातलं काही विचारू नका, पत्ता मी दिलाय. हे खोटं मी एकटीनं केलं."

"ताई, हे आपण नंतर बोलू," साहेब घाईनं म्हणाले.

"नंतर नको. मला वाटतं मी चार वर्षं नंतरच म्हणत होते." तिनं श्वास घेतला. "माझी लाइन कधी बंद पडली नाही. मी वरून बोलते म्हणून कुणी लिफ्टमध्ये जास्त वेळ अडकलं नाही. खाली होते तेव्हा जे काम करत होते, तेच इथून केलं, आणि पगार शहरातला घेतला. तेच काम कंडक्टरभाऊ करतात. त्यांना निम्म्याहून कमी मिळतं. आता माझा त्यांच्याएवढा करायचा, की त्यांचा माझ्याएवढा, ते ठरवा. माझा कमी केलात तर मी काम सोडणार नाही. रोज येईन आणि रोज मागेन. पण रास्त आहे असं मी म्हणणार नाही."

मग कंडक्टरनं खाकरून घसा मोकळा केला. एरवी दणदणीत वाजणारा त्याचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"ताई," त्यानं विचारलं, "किती मिळतं हो तुम्हाला?"

ताईनं पडद्याकडे सरळ बघितलं आणि आकडा सांगितला. ज्याला लिहून घ्यायचा आहे त्याला लिहून घेता यावा, इतक्या सावकाश.